चिमाजी अण्णांनी सुचवलेलं पुस्तक

खोटं वाटलं तर खुशाल वाटू द्या. मी कुणाला पटवायला बसलेली नाही.

हे माझ्या थोरल्या मावशीच्या, धोंडाबाईच्या बाबतीत घडलं. ऑगस्ट १९९७. गुरुवार. नारायणगावहून बेल्ह्याकडे जाताना लागणारं एक गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. आणि रात्र-बित्र नव्हती हां. दुपारचे अडीच वाजले होते. लख्ख उजेड होता.

गावात एका खोलीचं वाचनालय. तीन कपाटं, एक टेबल, एक हातांची लाकडी खुर्ची. तीस वर्षं ते चिमाजी अण्णांनी सांभाळलं. माणूस काटेकोर. तीस वर्षांत एक पान फाटू दिलं नाही आणि एका बाईला आत येऊ दिलं नाही.

मावशी अठ्ठेचाळीसाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात वाचायला शिकली. शिकली ती थेट वाचनालयाच्या दारात जाऊन उभी राहिली. अण्णांनी आधी तिचे हात पाहिले. टोमॅटो तोडून बोटं हिरवीकाळी झालेली.

"धोंडाबाई, ह्या हातांनी पुस्तक नासंल. मी हाय तवर बायकांना पुस्तक न्हाई."

"मंग तुमी नसताना यीन," मावशी म्हणाली.

रागात बोलून गेली. त्याच दिवाळीत अण्णा वारले.

मावशीला ते फार लागलं. पण म्हणून ती घरी बसली नाही.

अण्णांच्या जागी आमिना आली. जुन्नरच्या वलीभाई बाइंडरांची लेक, पुस्तकांच्या ढिगात वाढलेली. वाचनालयाची पुस्तकंही वलीभाईच बांधायचे. तिनं गुरुवारची दुपार बायकांसाठी ठेवली. अकरा जणी यायच्या. सतरंजीवर गोल करून बसायचं आणि एकेकीनं सांगायचं, सध्या काय वाचतेय.

नियम तीनच. पुस्तक संपलं की शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीत ज्याला सुचवायचं त्याचं नाव लिहायचं. सुचवलेलं पुस्तक नाकारायचं नाही. आणि ज्याचं पुस्तक अर्धं राहिलंय, त्याला दुसरं मिळणार नाही.

सहा महिने मजेत गेले. अण्णांची खुर्ची मात्र रिकामीच असायची. कुणी सांगितलं नव्हतं, पण तिथं कुणी बसायचं नाही.

मग त्या ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारी मावशी एक कादंबरी वाचून दाखवत होती. पान उलटायला तिनं बोट जिभेला लावलं, आणि...

कुणीतरी खाकरलं.

सगळ्यांनी ऐकलं. घसा साफ केल्यासारखं. खुर्चीच्या बाजूनं.

"मांजर असंल," सुनेसमोर भित्री ठरायला नको म्हणून एक म्हातारी बोलली. मांजर खाकरतं होय?

दुसऱ्या गुरुवारी आमिनानं पुस्तकं वाटायला घेतली आणि थांबली. चिठ्ठ्यांवरच्या नावांवर रेघा होत्या. फक्त बायकांच्या नावांवर. पट्टी लावून मारलेल्या... लाल शाईच्या.

लाल शाईचं पेन अख्ख्या गावात एकच माणूस वापरायचा.

तिसऱ्या गुरुवारी लाईट गेलेली होती. पंखा बंद. बाहेर वाऱ्याची झुळूक नाही. आणि टेबलावरच्या पुस्तकाची पानं एकेक करून उलटत होती... हिरव्या डागाच्या पानाशी आली की थांबत होती.

जरा वेळानं पुन्हा.

त्या दिवशी सात जणी चपला हातात घेऊन पळाल्या.

गावात बोभाटा झाला. वाचनालयाचे अध्यक्ष हौशीराम आयतीच संधी शोधत होते. त्यांना त्या खोलीत कॅरम बोर्ड टाकायचा होता.

"आमिना, पुढच्या गुरुवारी शेवटचं बसा," ते म्हणाले. "बाया भ्यायला लागल्या तर उद्या माज्या नावानं बोंब व्हईल. कुलूप लावून टाकू."

मावशी घरी आली ती भाकरी न खाताच पडून राहिली. दोन वर्षांपूर्वी तिला एसटीची पाटी वाचता येत नव्हती. आता कुठे जग उघडायला लागलं होतं, आणि एक मेलेला माणूस ते झाकायला निघाला होता. तिला भीती वाटत होती. राग त्याहून जास्त येत होता.

चौथ्या गुरुवारी चौघीच आल्या. आमिनानं हळूच विचारलं, "मावशी, सध्या काय वाचताय?"

"झालं वाचून."

एका विधवेनं पुन्हा संसार मांडल्याची कादंबरी होती. मावशीनं पेन्सिल घेतली, चिठ्ठीवर ठळक अक्षरांत नाव लिहिलं आणि उठून खुर्चीसमोर गेली.

खुर्ची करकरली... मागे रेलल्यासारखी.

मावशीनं पुस्तक छातीशी धरलं.

"अण्णा, मी तुमच्या माघारी आले, ह्ये खरं हाय. पन आले ती चोरी करायला न्हाई. तुमाला बसायचंच हाय तर नेमानं बसा. आता नुसतं खाकरायचं न्हाई. ह्ये तुमाला सुचवलंय. वाचा, आन काय वाटलं त्ये ल्ह्या. न्हाई वाचलं, तर ही खुर्ची आमची."

पुस्तक तिनं खुर्चीवर ठेवलं. आमिनानं दाराला कुलूप घातलं आणि किल्ली मावशीच्या कनवटीला खोचली.

आठवडाभर किल्ली तिथंच होती. मावशी झोपेतसुद्धा चाचपून बघायची.

पुढच्या गुरुवारी सगळं गाव दारात. हौशीराम नवं कुलूप घेऊन आलेले. मावशीनं दार उघडलं.

कादंबरी टेबलावर होती. नीट, कडेला कड लावून. आमिनानं शेवटचं पान उघडलं. मावशीच्या पेन्सिलीच्या अक्षरांखाली लाल शाई होती.

"वाचले. शेवट पटला नाही."

कुणी हसलं नाही. मला मात्र आज लिहिताना हसू येतंय, आणि हसता हसता अंगावर काटाही येतोय.

कारण खुर्ची रिकामी नव्हती...

तिच्यावर दुसरं पुस्तक होतं. काळ्या बांधणीचं. वर नाव नाही, आत वाचनालयाचा शिक्का नाही. शेवटच्या चिठ्ठीवर लाल शाईत एकच नाव.

धोंडाबाई.

आमिना पांढरी पडली. "मावशी, ही बांधणी अब्बांची नाही. आपल्या कपाटातलं पुस्तकच नाही हे. हात नका लावू."

"आगं बया, नगं," मागून कुणीतरी रडवेलं झालं.

हौशीराम कुलूप हातात घेऊन बघत होते. नाही म्हटलं, तर नियम मावशीनंच मोडला असता. नियम मोडला की गुरुवार संपला.

मावशीनं बोटं बघितली. हिरवीकाळीच होती. तिनं ती पुसलीसुद्धा नाहीत.

"त्यानं माजं वाचलं. मी त्येचं वाचीन. भिऊन पुस्तक टाकायला मी वाचाया शिकले न्हाई."

आणि तिनं ते उचललं.

त्यानंतर खाकरणं थांबलं. लाल रेघा थांबल्या. हौशीरामांनी कॅरम देवळाच्या ओसरीवर नेला. अण्णांच्या खुर्चीत आता जिची पाळी तिनं बसायचं, आणि गुरुवारी तीस-पस्तीस जणी येतात.

पण त्या पुस्तकात काय आहे, हे मावशीनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

एवढंच मला ठाऊक आहे. ती संध्याकाळी खुणेचं पिंपळपान पहिल्या पानात ठेवते. सकाळी ते पुढे सरकलेलं असतं... कधी दहा पानं, कधी शंभर. मावशी ते उचलून पुन्हा पहिल्या पानात आणते आणि सुरुवातीपासून वाचायला लागते. नऊ वर्षं झाली.

"टाकून का देत नाहीस?" मी एकदा विचारलं.

"टाकलं की नेम मोडला. आन संपलं की कुनाचं तरी नाव ल्ह्यावं लागंल. मी कुनाचं नाव ल्ह्यायची न्हाई. बसू दे त्येला वाट बघत."

म्हणून मावशीला दुसरं पुस्तक मिळत नाही. वाचनासाठी जीव टाकणारी ती बाई. गुरुवारी सगळ्यांत पुढे बसते, बाकीच्या काय वाचतायत ते डोळे मिटून ऐकते. तिची पाळी आली की म्हणते, "माजं तेच चाललंय."

गेल्या महिन्यात मी तिला भेटायला गेले होते. दुपारी तिचा डोळा लागला होता. उशाशी ते पुस्तक. पिंपळपान शेवटच्या पानाच्या अलीकडे होतं.

मी बघत असतानाच ते हललं...

मावशी ताडकन उठून बसली. पान खसकन उपसून तिनं पहिल्या पानात दाबलं.

"बघतीस काय? आत्ता तर सुरवात हाय," माझ्यावरच खेकसली. मग चष्मा शोधत नेहमीसारखं विचारलं, "तेजे, तू सध्या काय वाचतीस?"

मावशी माझं नाव कधीच लिहिणार नाही, याची मला खात्री आहे. तिच्यावर माझा विश्वास आहे.

तरी मी आधी पिशवीतलं अर्धं वाचलेलं पुस्तक काढून मांडीवर ठेवलं. मगच उत्तर दिलं.