राहिलेला ळ

दुपारी मंगळाला पाळण्यात निजवून राजाबाई कॉम्प्युटरसमोर बसायची. टिळकवाडीतल्या त्या दोन खोल्यांत तेवढाच वेळ तिचा. टीव्हीला जोडलेला कीबोर्ड, कॅसेटवरून कुरकुरत चढणारा प्रोग्रॅम आणि शेजारी प्रिंटर. सत्त्याऐंशी साली तिच्या नवऱ्यानं, परशरामनं, हे सगळं हौसेनं आणलं तेव्हा प्रिंटरला नुसतं इंग्रजी येत होतं. मग चौकटीच्या कागदावर परशरामनं एकेक मराठी अक्षर टिंबाटिंबांनी काढलं आणि टिंबांच्या प्रत्येक उभ्या ओळीचा आकडा प्रोग्रॅममध्ये घातला. बटण बंद केलं की प्रिंटर सगळं विसरायचा. दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवायचा.

लेकीच्या बारशाला नाव छापलं, तर 'मंग'पुढं मोकळी जागा आणि मग नुसता काना.

"ळ राहिलाच की! उद्या काढतो," परशराम हसला होता. त्याच आठवड्यात तापानं तो गेला.

लेकीचं नाव बापाच्या अक्षरात एकदा पुरं व्हावं, एवढंच राजाबाईला हवं होतं. तिनं स्वतः ळ काढून पाहिला. तो त्या नावात परक्यासारखा बसला. तिनं तो पुसला. तरी रोज नाव छापायची. घरात तेवढाच काय तो आवाज.

पाच-सहा महिन्यांनी एकदा मोकळ्या जागेत टिंब उमटलं. रिबनचा डाग असेल. दुसऱ्या दिवशी तिथं टिंबांची उभी ओळ होती. नंतर दोन. तिनं पडद्यावर प्रोग्रॅम उघडला. ळच्या पुढं सगळी शून्यं. कागदावर मात्र परशरामच्या वळणाची, जराशी कललेली गोलाई आकार धरत होती.

निपाणीहून धाकटा दीर भावकू आला.

"वैनी, कॉम्प्युटरला चिकोडीचं गिऱ्हाईक ठरलंय. आजच न्हेतो ह्ये."

"भावजी, ळ व्हायचाय अजून. ऱ्हाऊ द्या थोडे दिस."

"अन् त्यो तुमी काढनार व्हय? आण्णानं ह्या अक्षरांपायी आमचं लई डोस्कं खाल्लंतं!"

"मी कुठं काढतेय?"

भावकू हसायचा थांबला. चहा अर्धाच ठेवून उठला. "फुडच्या ऐतवारी येतो," म्हणाला आणि दार न ओढताच गेला.

त्यानंतर राजाबाई केस विंचरून बसू लागली. नवी ओळ उमटली की हळूच म्हणायची, "बरं जमलं हं."

शनिवारी प्रिंटरचं डोकं करकरत कागदावरून गेलं आणि थांबलं.

मंगळा.

पुरं नाव. राजाबाईनं त्यावरून बोट फिरवलं.

खोलीत कसलाच आवाज झाला नाही. तिला तरी ऐकू आला नाही.

पाळण्यात मंगळा जागी झाली होती. कुणी हाक मारल्यासारखी तिनं मान वळवली, हसली, आणि उचलून घे म्हणून दोन्ही हात वर केले.

आईकडं नाही. पलीकडच्या रिकाम्या बाजूला.

आणि तिच्या वजनानं ताणलेली पाळण्याची दोरी हळूहळू सैल पडू लागली.