थांबतो, ओव्हर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. माझा मामाही आधी हसलाच होता.

पण हे घडलंय. भर दुपारी, सरकारी कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर.

नदी शहरात घुसली होती. वीज गेली, फोन मेले. उरले ते मामासारखे हौशी रेडिओवाले. मामा कंट्रोलला होता. म्हणजे सगळ्यांनी त्याच्याशीच बोलायचं, आणि त्याने पुकारल्याशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही. आपलं बोलणं संपलं की ‘ओव्हर’ म्हणायचं. शिस्तच तशी असते.

मामाला ही खुर्ची जरा जास्तच मानवली होती.

सकाळी पलीकडच्या काठावरचा औषधवाला बोलू लागला. दुकानातच त्याचा रेडिओ सेट. मामा त्याला ‘पाल्हाळ’ म्हणायचा.

“नमस्कार साहेब, सगळे ठीक ना? इकडे पाणी असं चढतंय की काय सांगू, आमची ही म्हणत होती...”

“मी इथे सोयरीक जमवायला बसलोय का? थांबा! बोलावेन तेव्हा बोला. ओव्हर.”

“बरं. थांबतो. ओव्हर.”

खोलीतला कारकून फिदीफिदी हसला. मामाने कॉलर ताठ केली.

मग हॉस्पिटल. मग पूल. मग धरण.

पाल्हाळ राहूनच गेला.

दुपारी आठवण झाली. “औषधवाले, बोला. आणि थोडक्यात! ओव्हर.”

खरखर थांबली...

रेडिओत खरखर नाही, असं होत नाही. सिग्नलचा काटाही शून्यावर. तरी आवाज आला. अगदी कानाशी.

“दुकानामागचं गोदाम. छतावर चार जण. होडी पाठवा. ओव्हर.”

“वा! शिकलात की! तुम्हाला धरून चार? ओव्हर.”

“...मला धरू नका. ओव्हर.”

“मोठे आले हुतात्मे,” मामा पुटपुटला. होडी मात्र पाठवली.

चौघे सुखरूप कचेरीत आले. त्यात औषधवाल्याची बायको होती, नखशिखांत भिजलेली.

“काय वहिनी, आमचे पाल्हाळ कुठे राहिले? आज चक्क मुद्द्याचं बोलले!”

ती पदर पिळता पिळता थांबली.

“भाऊजी... ते सकाळीच गेले. दुकानाची भिंत पडली. सेटसकट वाहून गेले. मी ओरडत होते, वर चला, वर चला. तर म्हणाले, कंट्रोलने थांबायला सांगितलंय, सेट सोडून कसा येऊ?”

या वेळी कारकून हसला नाही.

पाणी ओसरलं. औषधवाला सापडला नाही.

काम संपलं की कंट्रोल एकेकाला पुकारून मोकळं करतो. मामाने सगळ्यांना केलं. मग घसा खाकरला.

“औषधवाले... तुम्ही मोकळे. ओव्हर.”

खरखर थांबली...

“साहेब, माझा सकाळचा मेसेज राहिलाय. ओव्हर.”

मामाने माइक जवळ ओढला. सवयीने तोंडातून एकच शब्द निघाला.

“थांबा.”

“बरं. थांबतो. ओव्हर.”

मामा अजून तसाच फटकळ आहे. नवशिक्यांना अजून फाडून खातो. पण रेडिओवाल्यांच्या दर सरावाच्या शेवटी खरखर थांबते, आणि मामा हलक्या आवाजात म्हणतो, “थांबा.”

मी शेजारी बसून ऐकलंय. काटा शून्यावरच असतो.

आता मामाला ऐकू कमी येतं. पुढच्या सरावापासून कंट्रोलला मी बसणार आहे.

‘थांबा’ म्हणू, की ‘बोला’...?