गळाला बांधलेला मणी

मासे पकडायला शिकण्याचं हे वय नव्हे, असं जयवंतीला कुणी सांगितलं असतं तर तिने शांतपणे ऐकून घेतलं असतं आणि शनिवारी पुन्हा रॉड उचलून तळ्यावर गेली असती. वय त्रेचाळीस, शाळेत गणित शिकवायची, हट्टी म्हणजे हट्टी. दक्षिणेतल्या आवडी गावच्या क्वार्टर्समधल्या बायका खिडकीतून बघत राहायच्या. नवरा पाण्यावरून परत आला नाही आणि ही त्याचाच रॉड घेऊन निघते, हे काही त्यांच्या पचनी पडत नव्हतं.

कौशिक संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत होता. गेल्या कार्तिकात पावसाने उघडीप दिली तशी तो तळ्याच्या मदगूपाशी गेला. तळ्याचं पाणी कालव्यात सोडायचा दरवाजा, त्याला तिथले लोक मदगू म्हणतात. संध्याकाळी रॉड भिंतीला टेकवलेला सापडला, शेजारी चपला. पाणबुडे चार दिवस शोधत राहिले, माणूस मिळाला नाही.

जयवंतीच्या कपाळावर कुंकू होतं तसंच राहिलं. सांगलीहून सासूबाई मात्र फोनवर रडत होत्या. सर्वपित्री अमावास्येला पळसाच्या काड्यांचा पुतळा करून अग्नी देऊ, पोराला गती तरी मिळेल, असं त्यांचं म्हणणं. जयवंतीच्या होकाराशिवाय ते होणार नव्हतं. तो जिवंत असेल तर त्याला जाळायचं कसं? आणि नसेल, तर असं अधांतरी ठेवायचं तरी कसं? हे तिला कळत नव्हतं आणि त्या न कळण्याने ती पोखरून निघाली होती. अमावास्या परवावर आली होती.

कौशिक शेवटी शेवटी जे शिकत होता तेच ती शिकत होती. तो जिथे उभा राहिला तिथे उभं राहून त्याच्या हाताला काय कळलं असेल ते तिला हवं होतं. दोघांनाही शिकवणारे सेतुमाधव रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळचे तंजावरकडचे मराठी. नुंगंबाक्कमहून लोकलने यायचे. घरात अंड्यालाही मज्जाव, म्हणून धरलेला मासा गळ सोडवून परत पाण्यात. बायकोला त्यांनी चाळीस वर्षं आपण हवा खायला जातो एवढंच सांगितलं होतं.

त्यांची पद्धत निंफची. निंफ म्हणजे पाण्याच्या तळाशी राहणारं किड्याचं पिल्लू. गळावर रेशीम आणि पिसाचे धागे गुंडाळून त्याच्यासारखं रूप करायचं, ते बुडावं म्हणून डोक्याशी पितळेचा मणी ओवायचा. वर दोऱ्याला लोकरीचा केशरी गोंडा. मग सगळं प्रवाहाबरोबर तळातून वाहू द्यायचं. नवशिका ओढतो आणि तिथेच फसतो. वाहता गोंडा थबकला की रॉड अलगद उचलायचा, बस. खाली काय आहे ते दिसत नाही, ते थबकण्यावरून ओळखायचं.

"धीरें सोड मा," सेतुमाधव म्हणायचे. "पाणी नेतें तसें जाऊं दे."

त्या शनिवारी गळाला पितळेचा मणी नव्हता. आदल्या संध्याकाळी जयवंतीचं मंगळसूत्र वाढवलं होतं. घरात ती एकटी, तरी ‘तुटलं’ हा शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. पुन्हा ओवून झाल्यावर एक काळा मणी हातात उरला. पितळेचे मणी तळातल्या दगडांत अडकून कधीच संपले होते. तिने तो काळा मणी गळात ओवला आणि पुढेमागे रेशमाचे घट्ट वेढे दिले. सेतुमाधवांना ती काही बोलली नाही.

ऊन कललं होतं. दरवाजाच्या फटीतून पाणी घुमत कालव्यात पडत होतं, जलपर्णीचा कुजका वास येत होता. गोंडा कालव्याच्या भिंतीच्या कडेने निघाला, सावलीत शिरला आणि थांबला. जयवंतीने रॉड उचलला. मासा असता तर झटके बसले असते, दगड असता तर दोरा अडून बसला असता. हे तसं नव्हतं. कुणी तरी नुसतं धरलं होतं... आणि थोड्या वेळाने सोडलं.

गळ वर आला. रेशमाचा एक वेढाही सैल झाला नव्हता, मधला मणी मात्र नव्हता. सेतुमाधवांनी चष्मा चढवला आणि गळ बराच वेळ बोटांत फिरवत राहिले.

"काय ओविलें होतेंस ह्यांत?"

तिने सांगितलं. त्यांनी नखाने रेशमाचा वेढा चाचपला.

"आणि ही गाठ... तूंच मारिलीस?"

"मीच. तुम्ही शिकवलीत तशी."

"नाही मा. मी वेढे उजवीकडे देतों. हे डावीकडे आहेत. असे देणारा एकच होता."

कौशिक डावखुरा होता. जयवंती भिंतीवर मटकन बसली आणि अकरा महिन्यांचं रडू एकदम फुटलं. मग तिथूनच तिने सांगलीला फोन लावला. "आई, सोमवारी विधी करून टाका," ती म्हणाली. "ते इथेच आहेत, पाण्यात."

सेतुमाधवांनी कात्रीने दोरा कापून गळ पाण्यात टाकला आणि घरी चल म्हणाले. दोऱ्याचं मोकळं टोक पाण्यावर पडलं होतं. रीळ कुरकुरलं. दोरा जात होता... पाणी ज्या दरवाजातून येत होतं, त्याच दरवाजाकडे, प्रवाहाच्या उलट.

जयवंतीने दोऱ्यावर बोट ठेवलं. ओढ अगदी हळू होती. एकदा नेटाने ओढलं तर ते येईल, असं तिला वाटलं. जे येईल ते येवो, बघायला तरी मिळेल. सेतुमाधव मागून पुटपुटले, "नको मा... नको." तिने बोट उचललं. रीळ पार रिकामं झालं, दोरा शेवटच्या गाठीशी ताणून थांबला. तिने स्वतःच कात्री घेतली आणि कापला. टोक दरवाजाच्या काळोखात सरकत गेलं. रडून रडून ती हलकी झाली होती.

सोमवारी दुपारी सासूबाईंचा फोन आला. हेरंबने, थोरल्या दिराने, कृष्णेच्या घाटावर अग्नी दिला, सगळं रीतसर झालं, असं त्या म्हणाल्या. मग आवाज खाली गेला.

"एक विचारू का गं? पुतळ्याच्या मनगटाला काचेसारखा बारीक दोरा होता. गुरुजी म्हणतात, मी बांधला नाही. हेरंबला सोडवेना. दुसरं टोक नदीत गेलेलं..."

"मग?"

"त्याने ओढून पाहिलं, तर समोरूनही कुणी ओढलं. पोरगं घाबरलं, त्याने तसाच अग्नी दिला. पुतळा जळून राख झाला, जयवंती. दोरा नाही जळला. तो ताठच होता."