भिंगावरची वर्तुळं

भिंगावरचे ओरखडे सरळ नव्हते. एकात एक बसलेली बारीक वर्तुळं होती, मधोमध दाट, कडेला विरळ. शिवकन्येनं भिंग उजेडात तिरपं धरलं… बारा वर्षांपूर्वी तिनंच सांगितलं होतं, "आप्पा, भिंग माझ्या हातून खडीवर पडलं!" पडलेल्या भिंगावर अशी वर्तुळं उमटतात का कधी?

आप्पांनी, बबनरावांनी, मुंबईतली कॅमेऱ्याची नोकरी सोडताना हा जुना रुंद पडद्याचा कॅमेरा परळीला आणला होता. त्याचं भिंग रुंद देखावा दाबून अरुंद फिल्मवर बसवी आणि पडद्यावर तो पुन्हा पसरे. ऊसतोडीला निघालेला बैलगाड्यांचा लांबलचक ताफा त्यांना एकाच चौकटीत टिपायचा होता. ताफा निघायच्या आदल्या दिवशी विजेच्या कारखान्याची काजळी भिंगावर बसली, अन् मायनं, साखराबाईनं, ते जीव लावून चुलीतल्या राखेनं घासलं. भिंग निकामी झालं, अन् ताफा न टिपताच निघून गेला! भेदरलेल्या मायकडं पाहून शिवकन्येनं दोष स्वतःवर घेतला. तेव्हापासून आप्पा लेकीशी बोलले नव्हते. तिच्या लग्नात अक्षता टाकायलाही त्यांचा हात उठला नव्हता…

आज कॅमेरा पुण्याच्या संग्रहालयात जाणार होता. पेटी न्यायला गाडी दारात उभी होती.

"थांबा!" माय पेटीवर आडवी झाली. "भिंग म्या घासलं. देवाच्या तांब्यावानी लख्ख व्हावं म्हनलं… लेकरानं माज्यापायी भोगलं हो!"

आप्पांनी मान वर केली नाही. "मला त्याच दिवशी कळलं व्हतं, साखरा. म्या भिंगं वळखतो."

शिवकन्या त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "मग माझ्याशी बोलला न्हाईत कावून, आप्पा? बारा वर्षं!"

"तू खरं सांगशील म्हनून वाट बघितली… दिवस गेले तशी माजीच मला लाज वाटाया लागली, पोरी."

पोरी! तो शब्द ऐकून तिला रडू आवरेना, पण रागही सरेना. तिनं भिंग त्यांच्या हातात ठेवलं. "आता टिपलं तरी चित्र धुरकट येईल."

"येऊ दे. परळीची हवा तरी कुठं नितळ हाय?" आप्पा दाराकडं वळले. "गाडी माघारी न्या. औंदाचा ताफा आमी टिपनार हाओत… अन् फोकस माजी शिवकन्या धरनार!"