पहिलं पान तुमचं, शेवटचं माझं

"ओढू नका… फाटेल!"

"मग तुमी सोडा की!"

पतसंस्थेतलं काम आटपून मी घोडेगावच्या वाचनालयात गेले, तर पेपरचा बाहेरचा एकच कागद उरलेला. आतली पानं म्हाताऱ्या मंडळींनी वाटून घेतलेली. कागदाचं एक टोक माझ्या हातात आणि दुसरं एका सावळ्या, कोरीव दाढीच्या माणसाच्या. मला पहिलं पान हवं होतं. मुंबईत एक मंत्री रुसला होता. त्याला शेवटचं हवं होतं. कुण्या कर्णधाराला संघातून काढलं होतं. आणि ही दोन पानं तर एकाच कागदावर, पाठीला पाठ लावून.

"भांडता कशाला?" वाचनालयाचे जानकूआप्पा म्हणाले. "प्राची, तू घडी उभी धर. सूरजभाऊ, तुमी समोर बसा."

तसं बसलो. मध्ये पेपर. खालच्या कडेला त्याची चार बोटं, मनगटाला काळा दोरा. बाकी माणूस बातम्यांच्या मागे.

"काय म्हणतोय तुमचा मंत्री?" पलीकडून आवाज आला.

"नाराज नाही म्हणतोय."

"म्हंजे नाराज हाय. आमचा कर्णधारबी म्हणतोय, निर्णय मान्य हाय. दोघांना एका खोलीत ठेवा राव, एकमेकांची समजूत काढतील."

मी हसले. त्याला दिसलं नाही, पण कागद हलला.

"हलवू नका, धावफलक वाचतोय!"

मग रोजचंच झालं. सूरज शिनोलीचा. बैलगाडा शर्यतींत घाटावर, म्हणजे गाडे पळतात त्या धावपट्टीवर, माईक धरून बोलायचा. गाडे सुटले की त्याच्या आवाजानं बसलेली माणसं उठून उभी राहायची म्हणे. ज्यावर त्याचं मत नाही अशी गोष्टच नव्हती. कोणत्या आमदाराचं कुणाशी फाटणार, कुठल्या गोलंदाजाला उगीच विश्रांती दिली, बैलगाड्याला शेवटचं पान का मिळत नाही…

मी हिशेबी बाई. त्याचे अंदाज मनात मांडून ठेवी. सामन्यांचे बहुतेक चुकत. भारत जिंकणार म्हणाला की मी हरायची तयारी ठेवायची. माणसांबद्दलचे मात्र बरोबर निघत. ते मी जमेला धरले. मग नकळत त्याचं खोकणंही जमेला धरलं, टेबलाखाली पाय हलवायची खोडही.

वाचनालयाला सुट्टी असली की घरी पेपर वाचायचे. घरचा पेपर पुरा असायचा, पानन् पान. पण पलीकडून कुणी बोलत नसे.

एक दिवस तो हळूच म्हणाला, "तुमाला बघायला पावणं आलं व्हतं म्हणं…"

"ओझरला दर्शनाला नेलं आणि तिथंच दाखवलं मला."

"मग? काय मत?"

"घरच्यांचं की माझं?"

"…तुमचं."

"अजून छापून यायचंय. तुमचं काय मत?"

पलीकडची बोटं कडेवरून सरकली, पुन्हा कडेला आली.

"आमी काय… शेवटच्या पानावरचं माणूस."

त्या रात्री मला त्याचा राग आला. कर्णधाराच्या हकालपट्टीवर तासभर बोलणारा माणूस माझ्या लग्नावर एवढंच बोलतो?

तेवढ्यात आमच्या गावच्या ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. एका पॅनेलचे पुढारी माझे वडील, बाळासाहेब. दुसऱ्याचे दादाभाऊ. यात्रा कमिटीही दादाभाऊंच्याच हातात, म्हणजे घाटावरचा माईकही. त्यांनी सूरजला प्रचाराच्या रिक्षात बसवलं. नाही म्हणायची सोय नव्हती.

सकाळी रिक्षा गल्लीत शिरली. भोंग्यातून तोच आवाज, माझ्या ओळखीचा: "बाळासाहेबांनी गावाचं वाटोळं केलं! मंडळी, आता तरी जागे व्हा…" मी दारात उभी, कान तापलेले. शेजारच्या साळुबाईंचं घर आलं, आणि आमच्या कुंपणापाशी आवाज बंद. रिक्षा मुकाट पुढे गेली. पिठाच्या गिरणीपाशी पुन्हा, "वाटोळं केलं!"

दुपारी तसंच. संध्याकाळी तसंच. मी मात्र दर फेरीला काही ना काही निमित्त काढून अंगणात.

साळुबाई कुंपणावरून म्हणाल्या, "काय गं, सगळ्या गावात बोंबलतो आन् तुमच्याच दारापुढं मुका कसा व्हतो?"

"माईक खराब असेल."

"व्हय व्हय. माझ्या दारात चांगला असतोय."

दोन घरांत कळलेली गोष्ट दादाभाऊंना कळायला कितीसा वेळ? जेवताना वडीलच म्हणाले, "दादाभाऊनं त्या पोराला दम दिलाय. उद्या आपल्या दारात उभं राहून बोलायचं, न्हाईतर घाटावरचा माईक इसरायचा." मग माझ्याकडे बघून, "गप का बसतो गं तो?"

मी भाकरी आणायला म्हणून उठले.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी मी वाचनालयात त्याला गाठलं. आज कागद उघडायचं कुणालाच सुचलं नाही. दोघंही खाली बघत होतो.

"बोलून टाका आमच्या दारात. मी ऐकून घेईन. तुमचा हंगाम जाईल उगीच."

"तुमचे वडील चांगले हायेत. माझं मत तुमच्या गावात असतं, तर त्यांनाच दिलं असतं."

"पण मग…"

"तुमच्या उंबऱ्यापुढं न्हाई निघत तोंडातून." तो उठून गेला.

संध्याकाळी रिक्षा आमच्या दारात थांबली. गल्ली गोळा झाली. वडील ओट्यावर. भोंगा खरखरला. "गावकरी मंडळी…" मी डोळे मिटले.

खट्. माईक बंद.

डोळे उघडले तर सूरज माईक रिक्षावाल्याच्या हातात देत होता. "तुमी बोला, भाऊ. माझं झालं." तो अंगणात आला. भोंग्याशिवाय त्याचा आवाज केवढा लहान होता!

"बाळासाहेब… माझं एक वैयक्तिक मत हाय."

"कुणाबद्दल?"

"प्राचीबद्दल."

कुंपणापलीकडे साळुबाईंच्या हातातलं सूप थांबलं.

"दादाभाऊचं काम सोडलंस?" वडिलांनी विचारलं.

"आत्ताच."

"म्हंजे घाटही गेला. आन् अशा रिकाम्या हातानं पोरगी मागतोस?"

"माईक हातात असताना मागितली असती, तर तुमाला धमकी वाटली असती."

वडिलांच्या मिशीत काहीतरी हललं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली वळवली नाही. एवढं उत्तर त्यांना पुरलं असावं.

"आज मी काही बोलणार न्हाई," ते म्हणाले. "लोक म्हणतील, बाळासाहेबानं दादाभाऊचा माणूस फोडला. निकाल लागू दे. जिंकलो तरी ये, हरलो तरी ये. तवर वाचनालयसुद्धा बंद." आणि आत जाता जाता, "प्राची, पाणी दे त्याला."

निकालापर्यंत भेट नाही. मी पाणी घेऊन आले. एवढ्या जवळून, मध्ये काहीही नसताना, मी त्याचे डोळे प्रथमच बघत होते. भुवईवर जुनी खोक होती. ती मला ठाऊकच नव्हती!

तो पाणी घटाघट प्यायला.

"अजून?"

"व्हय… द्या."

मी आत गेले, बाहेर आले. पुन्हा तेच. थंडी अशी पडलेली, की कुणाला एवढी तहान लागू नये. साळुबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. तो मात्र भांडं रिकामं करून पुढे करतच होता…

आणि मी दर वेळी ते अर्धंच भरून आणत होते.