दादाने विकलेलं हसू

मंडळी, ही हकिकत तुमच्यापैकी कुणाला खरी वाटणार नाही, आणि ज्याला वाटेल त्याने आधी आपली नाडी तपासून घ्यावी!

दाराशी बॅगा उभ्या होत्या, दातांची डॉक्टर व्हायला परदेशी निघालेल्या धाकटीचे डोळे रडून सुजले होते, आणि आईबापांच्या माघारी जिच्यासाठी डोंगराएवढं कर्ज काढलं, तिला निरोप देताना दादाच्या ओठांची कडसुद्धा हलत नव्हती...

"दादा, एकदा तरी हस ना रे!"

"उशीर होतोय. नीघ."

"माझं शिक्षण जड झालं ना तुला? मग तसं तोंडाने सांग की! हे कर्ज फिटेपर्यंत या घराचा उंबरा चढणार नाही मी!"

दादाच्या काळजाचं पाणी पाणी झालं... पण हसणार कसा? हसू त्याचं उरलंच कुठे होतं?

दादा न्हावी. त्याचं हसणं गडगडत यायचं, शेवटी एक उचकी द्यायचं, आणि तेवढ्याने शेजारच्या बेकरीतला पाव दुप्पट फुगायचा! टीव्हीवरच्या विनोदी मालिकांमागे हशा पेरणाऱ्या कंपनीचा माणूस दाढीला आला, आणि अर्ध्या दाढीतच सौदा ठरला: कर्जाचे हप्ते कंपनी भरणार, पण ते फिटेपर्यंत दादाने बाहेर फुकट हसायचं नाही. खुदकन्‌सुद्धा नाही! धाकटीला सांगावं, तर ती शिकायला जाणारच नाही. दादाने ओठ मिटले. "न्हावी आहे की सुतकी?" म्हणत गिऱ्हाइकं पांगली. तो मांडीला चिमटे काढत, लोकांचे विनोद गिळत राहिला.

तिकडे वसतिगृहात संध्याकाळी देशोदेशीच्या मुली टीव्हीसमोर जमत. एकीच्या देशात कॉलेज फुकट. ती विचारी, "शिकायचे पैसे? मग श्वास घ्यायचेही पडतात का गं तुमच्याकडे?" दुसरी उसासे टाकी, "माझे केस पिकतील, पण कर्ज तरुणच राहील बघ!" धाकटीला दादाचा तो दगडी चेहरा आठवे...

एकदा मालिकेत कुणीतरी धपकन पडलं आणि हशा उसळला. आधी गडगडाट, आणि शेवटी ती उचकी! तिच्या हातातला कप निसटला. "हा माझा दादा!" परक्या भाषेत, परक्या घरांत तिचा दादा हसत होता... आणि तिच्यासमोर मात्र मुका! तिने बेकरीवाल्या काकांना फोन लावला.

"कळलं का शेवटी?" काका कळवळले. "पोरी, तुझ्या फीपायी हसू गहाण टाकलंय गं त्याने!"

पदवी हाती पडताच तिने आधी ती हशाची कंपनी गाठली आणि मग दादाचं दुकान. "तुझा करार मोडून आलेय मी. उरलेले हप्ते माझ्या नावावर. हस, दादा!"

"वेडाबाई, मग तुझा दवाखाना कसा निघेल?"

"लोकांचे दात नंतर बघेन. आधी तुझे दिसू देत!"

आणि दादा हसला! असा हसला की दुकानातले आरसे तडकले, बेकरीचं छप्पर पावांनी उचललं, रस्त्यावरची कुत्री पोट धरून...

"खोटं!" ऐकणाऱ्यांतून पिकल्या केसांची डॉक्टरीणबाई उठली. ती धाकटीच. "कुठले आरसे न् कुठली कुत्री? हसताच आलं नाही त्याला. किती वेळ नुसतं तोंड उघडून बसला होता माझ्यापुढे... मग माझ्या ओढणीत तोंड खुपसून लहान पोरासारखा रडला माझा दादा."