पारोळ्याच्या पुढून आलेला फोन

ही गोष्ट माझी स्वतःची आहे. ऐकीव नाही, मित्राच्या मित्राची नाही.

पहिल्यांदा लिहिली तेव्हा यातल्या दोन गोष्टी मी गाळल्या होत्या. भीतीमुळे नाही. लाजेमुळे.

आता त्या परत घातल्या आहेत. वाचून झाल्यावर मला काय म्हणायचं ते म्हणा.

तारीख २२ नोव्हेंबर २०२५. शनिवार.

रात्र नव्हती. लख्ख दुपार होती. एक वाजून बावीस मिनिटं.

जळगावात मेहरूण तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. माझं नाव समाधान. गाड्यांची ताकद वाढवून देणं हे माझं काम. इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलायचं, मोठा टर्बो बसवायचा, सायलेन्सरचा पाइप जाड करायचा. आमच्या भागात हे काम करणारे फार नाहीत, त्यामुळे माझं नाव होतं. त्या नावाची मला चटक लागली होती, हेही खरं.

ब्रेक आणि सस्पेन्शन अतिकभाई बघायचे. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे. अठरा वर्षं आम्ही एका छपराखाली काम केलं. ईदला मी त्यांच्या घरी, दिवाळीला ते माझ्या घरी.

दिवाळीनंतर शिरपूरचे प्रेमराजभाऊ एक गाडी घेऊन आले. त्यांची कापसाची जिनिंग आहे. गाडी परदेशी बनावटीची, जुनी, लांबलचक पाठीची. सहा सिलिंडरची. बायको, दोन मुली, आई कमलबाई आणि सगळ्यांच्या बॅगा आरामात मावतील अशी घरची गाडी.

त्यांना ती पळायला हवी होती.

सहा सिलिंडरचं इंजिन आमच्याकडे कधी येत नाही. मी हरखून गेलो. बारा दिवस घरी नीट जेवलो नाही. टर्बो बदलला, सेटिंग बदललं. पहिल्यांदा बायपासला नेली तेव्हा डोकं मागे सीटवर आदळलं. मी एकटाच हसत होतो.

पण नवा जाड पाइप खाली बसेना. जागा करायला मी एक पत्रा काढून टाकला. पाइपची धग बाजूला जाऊ नये म्हणून कंपनीने तो पत्रा दिलेला असतो.

त्या पाइपपासून चार बोटांवर ब्रेकची नळी होती.

अतिकभाईंनी गाडीखाली जाऊन ते पाहिलं. बाहेर आले, हात पुसले. म्हणाले, गाडी इतकी जोरात पळणार तर आधी मोठे ब्रेक बसव. ते येईपर्यंत निदान पत्रा तरी परत लाव. नळी तापली की आतलं ऑइल उकळेल, मग पेडल दाबून काही उपयोग नाही.

मोठे ब्रेक यायला पंधरा दिवस होते. पत्रा लावायचा तर पाइप पुन्हा कापावा लागणार होता. आणि शनिवारी धुळ्यात प्रेमराजभाऊंच्या भाचीचं लग्न होतं. गाडी तिथे सगळ्यांसमोर उभी राहणार, लोक विचारणार, हे काम कुणाचं... मला ते ऐकायचं होतं.

"या गाडीत पोरी बसणार आहेत, समाधान," अतिकभाई म्हणाले.

मी गॅरेजमधल्या सगळ्यांसमोर त्यांना म्हणालो, "अतिकभाई, तुमचं वय झालं. तुम्ही घाबरट झालात."

त्यांनी गाडीची किल्ली उचलून खिशात टाकली. फक्त एवढं म्हणाले, की गाडी धुळ्याला मीच नेतो, सावकाश नेतो, आणि ब्रेकचं काय आहे ते प्रेमराजभाऊंना तोंडावर सांगतो.

शनिवारी साडेअकराला ते निघाले.

एक बावीसला माझा फोन वाजला.

"समाधान, पेडल खाली जातंय."

मी विचारलं, कुठे आहात? पारोळा सोडून पुढे आलोय, म्हणाले. जळका वास येतोय. गाडी बाजूला घेतो, न्यायला कुणाला तरी पाठव.

मागून ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते.

पहिली गाळलेली गोष्ट ही. मी काय म्हणालो ते.

"थांबू नका. पेडल दोन-तीनदा दाबत चला. तिथे सगळे वाट बघताहेत. पोहोचवा."

पलीकडचे हॉर्नही ऐकू येईनात...

मग ते म्हणाले, "बरं."

एक चाळीसला गाडी मोरीच्या कठड्यावर गेली. पंचनाम्यात हीच वेळ आहे.

मी पोहोचलो तेव्हा त्यांना धुळ्याला नेलं होतं. तिथे जाऊन काही उपयोग नव्हता, ते जागीच गेले होते.

रस्त्याच्या कडेला कापसाची ट्रॉली उभी होती. शेतातून ती एकदम रस्त्यावर आली होती. वर कापूस वेचून घरी निघालेल्या सात-आठ बाया. त्यांतली तानुबाई नावाची म्हातारी पोलिसांना सांगत होती.

"गाडी काही जोरमा नही व्हती, भाऊ. आम्हले वाचाडाकरता तो मोरीवर गया."

मी तिथेच उभा होतो. बायांना वाचवायला अतिकभाईंनी गाडी कठड्यावर घातली, हे ऐकलं.

आणि पोलिसांना सांगितलं, की बाई घाबरलीये. गाडी ताकदीची होती, अतिकभाईंना मोह आवरला नसेल. जोरात नेली असेल.

अतिकभाईंचा फोन चुरडला गेला होता. माझ्या फोनमधला तो कॉल मी तिथे उभ्या-उभ्या पुसला.

तिसऱ्या दिवशी अतिकभाईंच्या बायकोने, कनीजभाभींनी मला विचारलं, त्यांचा शेवटचा फोन तुम्हाला आला होता का?

मी नाही म्हणालो.

चाळिसाव्याच्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं. अगदी तेच शब्द.

मी पुन्हा नाही म्हणालो. वर असंही म्हणालो, की भाभी, ते गाडी जोरात चालवत होते, त्याला कोण काय करणार. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

डिसेंबरच्या शेवटी पोलिसांनी गाडी सोडली. प्रेमराजभाऊंना ती डोळ्यांसमोर नको होती. मी ती गॅरेजच्या मागच्या बाजूला ठेवली, वर ताडपत्री टाकली.

आठवड्याभराने सुरू झालं.

दुपारी सगळे जेवायला गेले की मी एकटा असायचो. एक दिवस मागून आवाज आला...

फस्... फस्... फस्...

ब्रेकचं पेडल कुणी दाबलं की असा आवाज येतो. तीनदा. मग थांबला.

उंदीर असेल म्हणून मागे गेलो. ताडपत्री जशीच्या तशी. वर धूळ बसलेली, बोटाचासुद्धा ठसा नाही.

परत वळलो तेव्हा जाणवलं, की रस्त्याचा आवाज येत नाहीये. रिक्षा नाही, हॉर्न नाही. समोरच्या वेल्डिंगच्या दुकानातलं मशीन चालू होतं, ठिणग्या उडताना दिसत होत्या.

आवाज नव्हता.

किती वेळ, सांगता येणार नाही. मग एकदम सगळं परत ऐकू यायला लागलं.

घड्याळात एक चोवीस झाले होते.

हे महिनाभर चाललं. रोज नाही. पण होईल तेव्हा त्याच वेळेला. मी बायकोला, हेमांगीला सांगितलं. ती म्हणाली तुमच्या मनाला लागलंय, कुणाशी तरी बोला. कुणाशी बोलायचं ते तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

फेब्रुवारीत एका शिक्षकाची छोटी गाडी ब्रेकच्या कामाला आली. ब्रेकमध्ये हवा धरली होती. ती काढायला दोन माणसं लागतात. एकजण आत बसून पेडल दाबतो. दुसरा खाली चाकापाशी पडून छोटा नट सैल करतो, हवा बाहेर सोडतो. खालचा माणूस ओरडून सांगतो... दाब, धर, सोड.

अठरा वर्षं खाली अतिकभाई असायचे आणि वर मी.

त्या दिवशी मला वाटलं, सगळे जेवून येईपर्यंत हवा काढायची नळी लावून ठेवू. मी गाडीखाली शिरलो. बाटली लावली. पाना नटाला लावला. डोक्यात दुसराच विचार चालू होता. सवयीने तोंडून निघून गेलं,

"दाब."

वर पेडल दाबलं गेलं.

"धर."

पेडल धरून ठेवलं. मी नट सैल केला. नळीतून ऑइल आलं, बुडबुडे आले. नट आवळला.

"सोड."

सोडलं.

असं मी चारदा केलं.

चार वेळा... आणि मग मला आठवलं, की गॅरेजमध्ये कुणीच नाही.

मी हललो नाही. गाडीखालून मला दाराच्या खालची फरशी दिसत होती. कुणाचे पाय दिसत नव्हते. वर सीट करकरली, माणूस जरा सावरून बसला की करकरते तशी.

मी काहीच बोललो नव्हतो.

तरी पेडल दाबलं गेलं. सावकाश. खाली, खाली... अगदी तळाला टेकेपर्यंत. आणि तसंच धरून ठेवलं.

वरचा माणूस माझ्या पुढच्या शब्दाची वाट बघत होता.

मी सरपटत बाहेर आलो. कोपर सोलवटलं. गाडीत कुणी नव्हतं. पेडल मात्र खालीच होतं. माझ्यादेखत ते हळूहळू वर आलं.

मी हात न धुता मेहरूणमध्ये कनीजभाभींच्या घरी गेलो.

रमजान चालू होता. त्यांच्या मुलीने, नाजमीनने दार उघडलं. मला बघून ती आत गेली आणि ट्रेमध्ये पाण्याचे दोन ग्लास आणून ठेवले. घरात दोघींचा रोजा होता, तरी दोन. मला तेव्हा काही वाटलं नाही. ती अभ्यासाला आतल्या खोलीत गेली. भाभी माझ्यासमोर बसल्या.

मी सगळं सांगितलं. पत्रा, पाइप, घाबरट म्हणालो ते. तानुबाई काय म्हणाली ते. शेवटी फोन. मान वर करायची हिंमत झाली नाही.

माझं सांगून झालं. त्या रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत.

"मला माहीत आहे," म्हणाल्या. "त्या दिवशी ते घरी आले होते. पावणेदोनला."

मी म्हणालो, भाभी, एक चाळीसला तर... आणि ती जागा इथून सत्तर किलोमीटर आहे.

"तेही माहीत आहे."

त्या सांगत गेल्या. दार उघडं होतं. ते उंबऱ्यात उभे होते, आत आले नाहीत. भाभींना वाटलं, धुळ्याला गेलेच नाहीत, अर्ध्यातून परतले. जेवायला वाढू का विचारलं. ते म्हणाले, समाधानला फोन केला होता, तो म्हणाला पोहोचवा. एवढंच दोनदा म्हणाले. रागाने नाही. समजत नसल्यासारखे. भाभी पाणी आणायला वळल्या तर म्हणाले, समाधान आला की घेतो. तरी त्या ग्लास घेऊन आल्या. उंबऱ्यात कुणी नव्हतं.

"उजव्या पायात बूट नव्हता," भाभी म्हणाल्या. "इतकंच मला कळलं नाही. बूट कुठे गेला."

दुसरी गाळलेली गोष्ट ही.

तो बूट माझ्याकडे होता. गाडी गॅरेजला आली त्याच दिवशी मला ब्रेकच्या पेडलखाली अडकलेला सापडला. त्याच्या तळावर पेडलची नक्षी उमटली होती, इतक्या जोराने त्यांनी दाबलं होतं. कुणी बघितलं असतं तर पहिला प्रश्न ब्रेकचाच आला असता. मी तो भंगाराच्या पोत्यात तळाशी घातला आणि पोतं देऊन टाकलं. हे हेमांगीलाही माहीत नव्हतं.

ते पण भाभींना सांगितलं.

मग मी विचारलं, की तुम्हाला सगळं माहीत होतं, तर मला दोनदा का विचारलंत?

त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगाल म्हणून."

दुसऱ्या दिवशी मी धुळे जिल्ह्यात अपघाताचा पंचनामा केलेल्या पोलीस ठाण्यावर जाऊन लेखी जबाब दिला. अतिकभाई सावकाश चालवत होते, चूक माझी होती, असं स्पष्ट लिहून दिलं. प्रेमराजभाऊंनाही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. पुढे माझं काय व्हायचं ते होईल. गाड्यांची ताकद वाढवायचं काम मी बंद केलंय. गॅरेजमधला आवाज थांबला का, असं विचाराल तर मला माहीत नाही. एक ते दोन मी तिथे थांबत नाही.

पण त्या घरातून निघतानाचं सांगायचं राहिलं.

मी उठलो. माझ्या बाजूचा ग्लास उचलून दोन घोट घेतले आणि खाली ठेवला. तेव्हा माझं लक्ष गेलं.

दुसरा ग्लास रिकामा होता.

नाजमीनने दोन्ही काठोकाठ भरून आणले होते, मी स्वतः पाहिलं होतं. ती परत बाहेर आली नव्हती. रोजा सुटायला अजून चार तास होते, आणि भाभींनी ट्रेला हातही लावला नव्हता.

ग्लासच्या काठावर ओलं बोट उमटलेलं होतं... काळसर, ऑइल लागलेल्या हाताचं.

मी माझ्या हातांकडे पाहिलं. माझेही तसेच होते. पण त्या ग्लासला मी शिवलो नव्हतो.

भाभींनी ट्रे उचलला. दोन्ही ग्लासांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आणखी आणू का पाणी?" त्यांनी विचारलं.

हे त्यांनी मला विचारलं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.